मागच्या दाराचा पत्ता

जुन्या बाजाराच्या चौकात पाच खोल्यांचं एक लॉज होतं. मालकांना सगळे काका म्हणत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी काका स्वतःच्या हाताने कागद लिहीत आणि सून त्याचा फोटो काढून पाठवी. कुठे उतरावं, कसं यावं, दगडी फरशीवरून चाकांची बॅग ओढू नये, बाजाराच्या दिवशी पहाटेपासून गलका असतो, तेव्हा झोप प्यारी असेल त्याने मागची खोली मागावी. सल्ला चोख असे. रस्ता मात्र कुणाला सापडत नसे.

"काका, दोरवाल्याच्या दुकानावरून डावीकडे लिहिलंत. तिथे मोबाइलचं दुकान आहे," पाहुणे घामाघूम होऊन सांगत.

"असं होय? दोरवाला तिथेच असायचा हो."

"अहो बाबा, दोरवाल्याला जाऊन पंधरा वर्षं झाली," सून कपाळाला हात लावी. "लोकांनी काय त्याच्या भुताला रस्ता विचारायचा?"

अशात काकांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. लग्न होऊन परदेशी गेली त्याला बत्तीस वर्षं झाली होती. आई गेली तेव्हाही तिचं येणं झालं नाही. काका त्यावरून फोनवर नको ते बोलून बसले, आणि मग दोघांचं बोलणं आटतच गेलं.

"चार दिवस येतेय. तुमच्या लॉजवर एखादी खोली मिळेल का?"

खोली मिळेल का! ज्या घरात दोघं एका पांघरुणासाठी भांडली, तिथे! 'अगं वेडे, घर आहे तुझं,' असं काकांच्या अगदी ओठावर आलं होतं. तोंडून निघालं, "मिळेल. तीन नंबर रिकामी आहे. पत्ता पाठवतो."

दोन दिवस ते तो कागद लिहीत बसले. सुनेने मोबाइलवर नकाशाही पाठवला. बहीण येण्याच्या दिवशी काका सकाळपासून काउंटरवर. पाहुण्यांनी नाव-गाव, येण्याचं कारण लिहायचं ते रजिस्टर त्यांनी वर्तमानपत्राखाली लपवलं. बहिणीने तिथे काय कारण लिहावं?

बाराची बस येऊन गेली. एक वाजला. कुणी नाही.

"नकाशाने दहा मिनिटांचा रस्ता आहे," सून म्हणाली. "तुमच्या कागदावर विसंबल्या असणार आत्या."

काकांचा चेहरा पडला. आधी जिभेने घालवली, आता कागदाने.

इतक्यात स्वयंपाकघरातून थाप ऐकू आली. चादरींचं मोठं कपाट होतं, त्याच्यामागून. लॉज सुरू झालं तेव्हा मागचं दार बंद करून तिथे ते कपाट लावलं होतं. आणि बहिणीच्या कागदावर काकांनी जुन्या सवयीने लिहून टाकलं होतं: विहिरीशेजारचं हिरवं दार. कडी सैल आहे, थाप मारावी.

"कोण आहे?" कोण आहे ते कळलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

"दादा, कडी अजून तशीच रे! आळशी कुठला!"

"अगं, थांब... मध्ये कपाट आहे."

"मग पुढून येऊ का?"

"नको!" काका केवढ्याने तरी ओरडले. "तिथेच थांब. हलू नकोस."

सून म्हणत होती, आधी चादरी तरी काढू या. पण काकांनी कपाटाला खांदा लावला होता.