सावंतमास्तरांच्या बैठका

"पाटकर, काल काही हालचाल?"

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, चालायला आलेल्या बायकांसमोर, सावंतमास्तर मला हे विचारायचे. भोईवाड्याच्या एका शाळेत जन्मभर पीटी शिकवलेला आवाज! मी मान खाली घालायचो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो.

चूक माझीच. साखर वाढल्यापासून त्या बाबतीत माझं काही जमेना. लाजेपोटी घोरण्याचं निमित्त काढून मी हॉलमध्ये झोपायला लागलो. बायकोशी, सुनंदाशी, बोलणं 'दूध आलं का' एवढ्यावर आलं. अशात मास्तरांना माझ्या पिशवीत शिलाजीतची डबी दिसली. "जरा अशक्तपणा," मी पुटपुटलो.

"अशक्तपणाला डाळिंब खातात रे! नीट नाव घे त्याचं!" डबी गेली कचरापेटीत.

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावरच व्यायामाच्या बैठका; त्यांनी पुरुषाचा हार्मोन वाढतो, हे मास्तरांचं ठाम मत. "हार्मोन म्हणजे म्युनसिपाल्टीचं पाणी नव्हे, वेळ झाली की नळाला यायला! पंप चालवावा लागतो, मेल्या!" दांडी मारली की घराखाली उभे राहून हाका. अख्खी सोसायटी गॅलरीत. वैताग नुसता!

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. नको नको म्हणत असताना मास्तर सोबत होतेच. "हार्मोन फारसा वाढलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "पण साखर उतरलीय, रक्ताभिसरण सुधारतंय. त्याचाही उपयोग होतो. व्यायाम सोडू नका."

पुढचं मास्तरांनी ऐकलंच नाही. "मशीन बिघडलंय त्यांचं!" वाटभर तेच.

फरक पडला होता, थोडा. त्या जोरावर मी गादी उचलून आतल्या खोलीत गेलो होतो. पण मास्तरांना कोण सांगणार? तर या गृहस्थांनी काय करावं! आमच्याच घरी, चहा पिता पिता, सरळ सुनंदाला विचारलं, "वहिनी, डॉक्टरचं मरू दे. तुम्ही सांगा, फरक आहे की नाही?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

सुनंदाने पदर सारखा केला. "कसला फरक, मास्तर? घोरण्याचं निमित्त सांगून हे दोन वर्षं बाहेर का झोपत होते, तेच मला ठाऊक नाही. मला वाटलं, मी नकोशी झाले."

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "अख्ख्या कट्ट्याला माहीत, आणि वहिनींनाच नाही?"

मास्तर जाऊन आता वर्ष झालं. याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, त्यांना नाही आणि तिलाही नाही.