चिंचोक्यांचा डाव

आजही कुणाच्या अंगणात वाळत घातलेले चिंचोके दिसले, की मला हसू येतं. बायको म्हणते, झालं, आता पुन्हा ती केस सांगणार. सांगतो. कारण माझ्या नोकरीतली ही एकच केस अशी, की जिच्यात मी एकाही आरोपीवर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही, आणि तरी जवळजवळ सगळा माल सापडला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी फौजदार होतो. वाशीत तेव्हा इमारती जास्त आणि माणसं कमी. कांदा-बटाट्याचं मार्केट मुंबईहून नुकतंच तिकडे आलं होतं. खाडीकाठच्या गावांतल्या लोकांच्या हाती जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आले होते, आणि त्या पैशाच्या वासावर नाही नाही ते लोक येऊन बसले होते.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गावातली एक बाई ठाण्यात आली. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "साहेब, बघा. पाटल्या नाय हातात."

"चोरी झाली का, बाई?"

"चोरी कशाला? नवऱ्यानं नेल्यान. घराच्या भिती उभ्या हायत, वर स्लॅब नाय. स्लॅबचं पैसं आठ दिवसांत पत्त्यांत घातलं. आज माज्या पाटल्या घेऊन गेलाय, पैसं परत जिंकून आनतो म्हनून. तुमी चला माज्यासंगती."

पत्ता तिला ठाऊक होता. ती नवऱ्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत जाऊन आली होती. ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगितली, दोन पंच बरोबर घेतले आणि आम्ही निघालो.

एका रिकाम्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर चौघं तीन पत्ती खेळत होते. बाईचा नवरा, आणि तीन अनोळखी इसम. पाटल्या सतरंजीवरच होत्या, त्या मिळाल्या. पण तिघांची झडती घेतली तर खिशात चहापाण्यापुरते पैसे. स्लॅबची रक्कम गायब.

जबाबात तिघांनी एकच रडगाणं लावलं. एक म्हणाला मी साधा कारकून, पगारावर घर चालतं. दुसरा ट्रकवर ड्रायव्हर. तिसरा मार्केटमध्ये कांदा तोलणारा मापाडी. एकमेकांना ओळखत नाही, आठवड्यापूर्वी इथेच भेटलो. आम्हीही हरलो, साहेब, जिंकणारे निघून गेले. गरिबी इतकी रंगवून सांगत होते, की जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरलासुद्धा वाईट वाटलं. मी म्हटलं, सगळं लिहून घ्या, एक शब्द गाळू नका.

माझी पहिली चूक अशी, की मला वाटलं पत्त्यांवर खुणा असणार. भिंग घेऊन तासभर एकेक पान तपासलं. काही नाही, पत्ते स्वच्छ. नुसती जुगाराची केस केली असती तर तिघं किरकोळ दंड भरून सुटले असते, आणि स्लॅबवाला हा बिचाराही त्यांच्याच रांगेत आरोपी म्हणून उभा राहिला असता. बाई बाहेर बाकावर बसून होती. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

आमचे हवालदार साताऱ्याकडचे. बोलायला कमी, पण पत्त्यांत पक्के. ते म्हणाले, "साहेब, पत्त्यांकडं काय बघताय? कोन कुठल्या पानांवर खेळला ते इचारा की."

मी नवऱ्याला आत घेतलं. हरलेला माणूस घरचा हिशोब विसरेल, हरलेला डाव विसरत नाही. त्यानं धडाधडा सांगायला सुरुवात केली. "पयले दोन दिस मी जिंकत व्हतो, साहेब. पैसं खूप व्हतं, कसल्याबी पानांवर खेललो. मग हरत गेलो नि हात आखडला. परवा राजांची जोडी व्हती माज्याकडं. पन मी मधी, नि दोनी बाजूंचे चाल वाढवतच ऱ्हायले. शेवटी पैसं पुरलं नाय. पानं टाकली, पॅक केली."

"शो का नाही मागितला?" मी विचारलं.

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "साहेब, दोघं उरलं तरच शो मागता येतो, समोरच्याला पानं उघडाय लावता येतात. तिघं असताना मधल्याला नुसतं भरत ऱ्हायचं, नायतर उठायचं."

"नि मी उठल्यावर मागं काय पानं निगाली?" नवरा म्हणाला. "दश्शी, सत्ती, दुर्री. दुसऱ्याकडं तेवडंबी नाय."

हवालदार उभेच राहिले. मलाही तेव्हा उजेड पडला. ज्याच्या घरी महिन्याचा पगार सोडून दुसरा पैसा नाही, तो कारकून दश्शी-सत्तीवर पाच-पाच चाली वाढवील? थोडे पैसे असलेला माणूस जोडी येईपर्यंत दम धरतो. बेधडक लावतो तो एक तर गडगंज असतो, नाहीतर ते पैसे त्याला परत मिळणार असतात. म्हणजे तिघांची थैली एकच होती. मधल्याला दोघांनी दोन्हीकडून दाबायचं, एवढाच त्यांचा धंदा. खुणा लागतात कशाला?

समजलं, पण कोर्टापुढे मांडायचं कसं? पैसे कुठे होते? त्यावर युक्ती हवालदारांचीच. ठाण्याच्या आवारात चिंचेचं झाड होतं, त्याखालचे मूठ-मूठ चिंचोके त्यांनी आणले. पंचांसमोर तिघांना सतरंजीवर बसवलं, चौथे हवालदार स्वतः. मी म्हटलं, "प्रत्येकाला वीस. ज्याच्याकडे शेवटी जास्त उरतील, त्याच्या जामिनाचे कागद आधी करतो."

आता थैली खरंच ज्याची त्याची झाली. गंमत बघा, काल दुर्रीवर चढवणारे हे शूर आज चिंचोका सोडायला तयार नाहीत. कारकुनानं लागोपाठ चार डाव टाकून दिले. ड्रायव्हरनं तिर्रीची जोडीसुद्धा पॅक केली. मी एका कागदावर एकेक डाव टिपत होतो.

मापाड्याला मात्र सवय जाईना. तो चढवतच राहिला आणि बघता बघता ड्रायव्हरसमोर तीनच चिंचोके उरले. ड्रायव्हरचा पारा चढला. "अबे, आठ दिवस माझा हिस्सा डब्यात दाबून बसलायस, आता चिंचोके पण तूच घेणार?"

पंचांनी माझ्याकडे बघितलं, मी पंचांकडे. मापाड्याच्या तोंडचं पाणी पळालं. हवालदारांनी शांतपणे पत्ते गोळा केले आणि विचारलं, "कुठला डबा, भाऊ?"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पण आरोपीनं दाखवलेल्या जागेवर माल सापडला तर तो टिकतो. मापाडी डबा दाखवायला तयार झाला, त्याचं निवेदन पंचांसमोर नोंदवलं. तासाभरात तो आम्हाला घेऊन मार्केटमध्ये गेला आणि कांद्याच्या गोणींच्या थप्पीमागून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून दिला. डबा उघडला तेव्हा मी मोठमोठ्यानं हसलो, खोटं कशाला बोलू. स्लॅबचे पैसे जवळजवळ सगळे होते, आणि वर आणखी दोन गावकऱ्यांचे. ते दोघं लाजेनं तक्रारीलाच आले नव्हते. बाईच्या नवऱ्याला फिर्यादी केलं आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. तिघांनाही शिक्षा लागली. कोर्टाच्या आदेशानं पैसे परत मिळाले, तेही पावसाच्या आत.

पुढे कुठल्याही तपासात मी आधी हेच बघत आलो: समोरचा माणूस ऐपतीपेक्षा जास्त धाडस करतोय का, आणि करत असेल तर त्याच्यामागे कुणाची थैली आहे. आपण त्याला हिंमत म्हणतो. बहुतेक वेळा ते दुसऱ्याचे पैसे असतात. हे मला शाळेत शिकवलं नाही, हवालदारांनी शिकवलं, आणि त्यांचं नाव मी बक्षिसाच्या शिफारशीत माझ्या आधी लिहिलं.

स्लॅब पडला त्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. हातात पाटल्या होत्या. ओट्यावर नवरा मान खाली घालून बसला होता, एका बाजूला त्याची आई. बाई दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बघा साहेब, अजून त्यो मधीच हाय. पन आता दोनी बाजूंना आमी हाव."

हवालदारांनी नवऱ्याकडे बघितलं. "काय, शो मागताय का?"

"नाय," तो म्हणाला. "पॅक."