पेडणेकर चीफचा क्लब

सिंगापूरच्या हौगांग भागात राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. ऑफिसातून दमून आलो, लिफ्टमधून उतरलो, उघड्या दारातून आत शिरलो, बूट काढले, सोफ्यावर टेकलो आणि म्हणालो, "अगं, पाणी दे." आतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची फुटबॉलची जर्सी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ बाहेर आले. "पाणी देतो," ते चक्क मराठीत म्हणाले, "पण तुमची 'अगं' वरच्या मजल्यावर असणार." मी बाराव्याऐवजी अकराव्यावर उतरलो होतो. इथले फ्लॅट सगळे सारखेच असतात हे खरं. पण नवऱ्याला स्वतःच्या सोफ्याचा रंगही ठाऊक नाही, हे आमची ही अजून चारचौघांत सांगते.

ते पेडणेकर. जन्म जहाजावर काढलेले चीफ इंजिनियर. बायको गेलेली, मुलगी कॅनडात. "दार उघडंच ठेवतो," ते म्हणाले. "एवढे मजले आहेत, कुणीतरी चुकतंच."

त्यानंतर दर शनिवारी मी मुद्दाम चुकू लागलो. चहा उत्तम असे. चहाबरोबर त्या जर्सीचा इतिहास असे. तरुणपणी त्यांचं जहाज बिघडून घानाच्या एका बंदरात चौदा महिने पडून होतं. सुटा भाग येता येईना. तिथल्या गोदीतला मुकादम कोफी त्यांना मॅच बघायला घेऊन गेला, आणि चीफ त्या क्लबचे झाले ते कायमचे. क्लब गोदीतल्या हमालांनी काढलेला. गोलचे खांब जहाजाच्या फळ्यांचे, बूट अकरा जणांत सहा जोड. तिथून पुढे देशातला मोठा क्लब होईपर्यंतची प्रत्येक मॅच चीफना पाठ होती. हरलेल्या तर जास्तच. "जिंकलेलं सगळं जग सांगतं हो," ते म्हणत, "हरलेलं घरच्या माणसानेच सांगायचं."

पंचाईत एकच होती. गोष्ट मध्येच तुटली, की पुढच्या शनिवारी पुन्हा फळ्यांच्या खांबांपासून सुरू. "इंजिन थंड पडलं, देवधर. आता पहिल्यापासून." आणि गोष्ट तुटायचीच, कारण तासाभराने मी मोबाइल कानाला लावून "हो हो, आलोच" म्हणत सटकत असे. पलीकडे कोणीच नसे.

एका शनिवारी चीफनी चहा मलाच करायला सांगितला. "डॉक्टर म्हणतात पंप गेला. या मॉडेलचे स्पेअर मिळत नाहीत." मग माझ्या खिशाकडे बघत म्हणाले, "आज तुमचा तो फोन येणार आहे का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोबाइल बंद करून टीपॉयवर ठेवला.

साडेचार तास. फळ्यांचे खांब, दुसऱ्या श्रेणीत झालेली घसरण, सगळ्या आफ्रिकेच्या चषकाच्या तीन फायनल, तिन्ही हरलेल्या. आणि चौथी, जिच्यापर्यंत मी कधी पोचलोच नव्हतो. ती झाली तेव्हा चीफ पॅसिफिकमध्ये होते. खरखरत्या रेडिओवर शेवटच्या मिनिटातला गोल ऐकला. क्लब जिंकला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जहाजावर बावीस माणसं, क्लबचं नाव एकालाही माहीत नाही. कोफी तोवर वारलेला. घरी सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, बरं. शेवटी खाली इंजिनरूममध्ये गेलो आणि जनरेटरला सांगितलं, जिंकलो रे."

मी उठून त्यांचा हात हातात घेतला. "अभिनंदन, चीफसाहेब."

ते कितीतरी वेळ हात सोडेनात. "थँक्यू," म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. पहिलेच तुम्ही."

मंगळवारी ते गेले. मुलगी आली, ती, मी आणि शेजारचे एक चिनी आजोबा, एवढेच अंत्यविधीला होतो. घरी येऊन आंघोळ केली आणि बायकोला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. अगदी शेवटपर्यंत. ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, चाळीस वर्षांनी कुणीतरी त्या माणसाचं अभिनंदन केलं, आणि तुम्ही वर येऊन माझ्याकडे त्यांच्यासाठी पेढेसुद्धा मागितले नाहीत?"