वाडीचं नाव

तांब्या माझ्या हातात होता. समोर विहिरीजवळ बाबा वाकून बसले होते, ओंजळ तोंडाशी धरून. सर म्हणाले, "वरून ओत. तांब्या लागू देऊ नको."

मी वरून ओतलं.

बाबा डोळे मिटून प्यायले. कोपरांवरून पाणी मातीत गळत होतं. मग मान वर न करता ते मला म्हणाले, "पुरे, सायबानू."

स्वतःच्या मुलाला सायबानू म्हणाले. मी तांब्या खाली घेतला आणि गप्प राहिलो. आधी हेच लिहितो, कारण पुढचं सगळं लिहिताना मी स्वतःला चांगला ठरवीन अशी मला भीती वाटते.

आमच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी पायी सफर काढली होती. खारेपाटणच्या बंदरापासून समुद्रकाठच्या शंकराच्या देवळापर्यंत यात्रेची जुनी वाट आहे, ती तीन दिवसांत चालायची. आम्ही चौदा मुलं होतो. सर पुढे चालत, धर्मशाळेच्या जोत्याशी किंवा एखाद्या दीपमाळेशी थांबवून माहिती सांगत. या वाटेवर लहानमोठं कोणी नसतं, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. निघताना बाबांनी एकच सांगितलं होतं. कोणी विचारलं तर गावाचं नाव सांग, वाडीचं नको. आमच्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेलं आडनाव सगळ्यांचंच असतं, त्यामुळे ते झाकायला पुरतं. तीन वर्षं पुरलं.

दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळ्यांत वाट बुजली आणि सरांचा नकाशा उपयोगाचा राहिला नाही. त्यांनी खालच्या गावात निरोप धाडला, वाटाड्या पाठवा म्हणून. ते गाव माझं होतं. वाटाड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. गावच्या शिवेपर्यंत न्यायचं, तिथून पुढच्या गावचा वाटाड्या नेतो. वतन कायद्यानं गेलं होतं. आमच्या वाडीनं देवही सोडले होते. पण देवाकडे जाणाऱ्यांना वाट दाखवायचं काम सुटलं नव्हतं.

बाबा काठी घेऊन वर आले. मला पाहिलं. लगेच नजर काढून सरांना विचारलं, "किती जण आसत?"

मग ती विहीर आली. ते पाणी.

त्यानंतर मी सगळ्यांच्या मागे चालू लागलो. पुढे बाबांच्या चालण्याची मुलं नक्कल करत होती. शिरीष, वकिलांचा मुलगा, माझ्या बाकावर बसणारा, तो सगळ्यांत चांगली करत होता. मला हसू येत नव्हतं, तरी मी हसल्यासारखं तोंड केलं होतं.

एका ठिकाणी दोन वाटा फुटल्या. बाबा उजवीकडे वळले, त्यांच्यामागे सगळे. मी कुड्याची डहाळी मोडली आणि डाव्या वाटेवर आडवी टाकली. मागून येणारा चुकू नये म्हणून टाकायची असते. आमच्या घरात चालायला लागलेलं पोरही टाकतं. हातानं ते आपोआप केलं.

शिरीषनं वळून पाहिलं. सकाळपासून बाबांना तेच करताना त्यानं पाहिलं होतं.

"हे तुला कुणी शिकवलं रे?" तो म्हणाला. "तू पण त्यांच्यातलाच काय?"

सगळे हसले. थट्टाच होती ती. पुढे बाबा थांबले आणि परत आले. म्हणाले, "मीच सांगलंय त्यांका, डहाळी टाकूक."

बाबा सहसा खोटं बोलत नाहीत. मी नुसतं हूं म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण बाबांची कोपरं अजून ओली होती. त्यांवर माती चिकटली होती.

"नाही," मी म्हणालो. "मला घरी शिकवलंय. हे माझे बाबा."

कोणी ओरडलं नाही. सर थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझं काही नाही रे. पण तांब्याचं आधी सांगायला हवं होतंस."

शिरीषनं सगळ्यांचा तो तांब्या पिशवीतून काढून कातळावर ठेवला. तो कोणी परत उचलला नाही.

मी बाबांना म्हटलं, घरी चला. ते म्हणाले, "शिवेपर्यंत नेवचा आसा. रानात कसा सोडू?" आणि पुढे झाले. मी त्यांच्या बरोबरीनं चाललो. बाकीचे वीस पावलं मागून येत होते. शिवेवर बाबा वाटेच्या कडेला उभे राहिले. तेरा मुलं आणि सर एकामागून एक आमच्या समोरून गेले.

परतताना मी कातळावरचा तांब्या घेतला. घर दिसू लागल्यावर बाबा म्हणाले, "कित्याक बोललंस? इतकी वर्सां मी गप रवलंय. आता तुका थंय पाणी कोण देतलो?"

त्यांचं बरोबर होतं. वसतिगृहात माझं ताट वेगळं झालं. माठाकडे गेलो की कोणीतरी घाईनं उठतो आणि मला वरून पाणी घालायला येतो. शिरीष बाक सोडून गेला. तो पुढे केव्हातरी बोलेल असं मला वाटत होतं, आता वाटत नाही. यंदाच्या माघात सफर पुन्हा निघाली. मी नको म्हणत असताना बाबाच वाट दाखवायला गेले. त्यांना पाणी कोणी घातलं, ते मी विचारलं नाही.

तो तांब्या माझ्या खोलीत आहे. मागच्या ओढ्यावरून मी तो भरून आणतो. वरून घातलेलं पाणी मी पीत नाही. ओढा आटेल तेव्हाही पिणार नाही.

नवीन कोणी भेटला की विचारतो, गाव कुठलं. मी गावाचं नाव सांगतो. मग त्यानं न विचारता वाडीचं सांगतो.