दुभाजकातली वाट

काकीचा पंचनामा लिहिला तेव्हा मी तिथंच उभा होतो... पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला, भांडगावच्या थोडं अलीकडं. रस्ता नुकताच चौपदरी झाला होता तेव्हाची गोष्ट.

आमची बुद्धवस्ती रस्त्याच्या एका बाजूला. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत सगळं दुसऱ्या बाजूला. मधे दुभाजक बांधला आणि ओलांडायची जागा ठेवली पार दीड किलोमीटरवर. गावाला कुणी विचारलंच नव्हतं.

काकी म्हणजे माझी चुलती, राखीव जागेवर निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य. वस्तीसमोर दुभाजकात वाट ठेवा, असा ठराव तिनं ग्रामसभेत मांडला. एरवी वस्ती हो म्हणाली की वरची आळी नाही म्हणायची, पण त्या दिवशी अख्ख्या गावाचे हात वर गेले. काकीचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते.

मग ठरावाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही दोघं फिरलो. तालुक्याला म्हणाले, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणाले, हा रस्ता राज्याचा नाही, केंद्राचा आहे... दिल्लीची मंजुरी लागेल.

"रस्ता आपल्या दारात आन् इचारायचं दिल्लीला, व्हय?" काकी म्हणाली. तरी तीन अर्ज पाठवले. साधी पोचसुद्धा आली नाही.

तोवर वस्ती दुभाजकावर चढूनच ओलांडायला लागली होती. दुसरं करणार काय... एका सकाळी ग्रामपंचायतीच्या मीटिंगला निघालेल्या काकीला ट्रकनं उडवलं. ती जागच्या जागी गेली.

हवालदारांनी पंचनामा वाचून दाखवला. 'परवानगी नसलेल्या ठिकाणाहून सदर महिला रस्ता ओलांडत असताना...' माझं डोकंच फिरलं. मी पंच होतो. तिच्या पिशवीतली झेरॉक्स पुढं केली आणि म्हटलं, इथं वाट मागितली होती तेही लिहा, तरच सही करतो.

"तसं लिहिता येत न्हाई. वर इचारावं लागंल."

मी पेन खाली ठेवलं. दुसरे पंच वरच्या आळीतले आप्पा. ज्यांच्या अंगणात काकी कधी बसली नव्हती, ते आप्पा.

"मंग मी बी सही करत न्हाई," ते म्हणाले. "माझाबी हात वर व्हता त्या दिशी."

जमलेल्यांपैकी कुणीच पेन उचललं नाही. मग हवालदारांनी गुमान एक ओळ वाढवली. 'सदर ठिकाणी वाट मिळावी असा ग्रामसभेचा ठराव झाल्याचे पंच सांगतात.' आम्ही सह्या केल्या.

आप्पांचे आणि त्या हवालदारांचे उपकार मी विसरणार नाही... पण राग अजून गेलेला नाही. अख्ख्या गावानं हात वर केले होते. त्याची सरकारी कागदावर एक ओळ व्हायला काकीला मरावं लागलं.