मोठाई आणि आभाळातले भडके

मोठाईनं कुणावर पटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. दूधवाला दारात उभा असतानाच ती दुधात बोट बुडवून बघायची. कंडक्टर ‘पांढुर्णा, पांढुर्णा’ ओरडत असला तरी आणखी दोघांना विचारूनच बसमध्ये चढायची. संत्रं फार तुकतुकीत दिसलं की म्हणायची, “वरून इतकं चांगलं दिसून राहिलं, म्हंजे आतून काही तरी असन.”

मोठाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात आयाचं काम करत तिनं एकुलत्या एका मुलाला, सुधाकरदादाला, नागपूरला शिकवलं. आम्ही पांढुर्ण्याला राहायचो, पण सुट्या लागल्या की मी तिच्याकडेच असायची. ऐंशीनंतर कधीतरी दादाला बंगलोरला नोकरी लागली, उपग्रहात बसवायची यंत्रं बनवण्याची. गल्लीनं पेढे खाल्ले. मोठाईनं पेढा हातातच धरून विचारलं, “बॉम्ब तं नाही बनवत ना तिथं?”

उन्हाळ्यात दादा आला तेव्हा तिनं त्याला समोर बसवून घेतलं. तो सांगू लागला, की आभाळात फार दूर कुठंतरी अचानक गॅमा किरणांचा भडका उडतो आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत विझतो. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हवा त्यांना खाली पोचू देत नाही, म्हणून यंत्र वर पाठवायचं. भडका कशाचा, हे अजून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग असे भडके असतात हे तरी कुणाला कसं कळलं, असं तिनं विचारलंच. दादा म्हणाला, कुणी चोरून अणुबॉम्ब उडवतं का यावर पाळत ठेवायला एका मोठ्या देशानं उपग्रह सोडले होते. त्यांना हे भडके दिसले, पण ते जमिनीवरचे नव्हते.

“म्हंजे शंका घेतली म्हून सापडले,” मोठाई म्हणाली. त्या नोकरीबद्दल तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा निवळला.

पण ते फार वेळ टिकलं नाही. भडका कुठून आला, हे एकट्या यंत्राला नीट कळत नाही, असं दादा पुढे म्हणाला. दूरदूरच्या यानांपैकी तो आधी कुणाला दिसला, मागून कुणाला, त्या वेळा जुळवून दिशा काढायची. ही यानं दुसऱ्या देशांची.

“अन् त्याइनं वेळ खोटी सांगतली तं?”

“विश्वास ठेवा लागते, आई.”

मोठाईला ते काही पटलं नाही.

त्या वर्षी पाऊस संपता संपता साध्या कपड्यातला एक माणूस गल्लीत दादाची चौकशी करत फिरला. सरकारी नोकरीची नेहमीची पडताळणी होती, हे आम्हाला मागाहून कळलं. मोठाईनं त्याचं ओळखपत्र मागून घेतलं, माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि बाबा पांढुर्ण्याहून येईस्तोवर त्याला ओट्यावर बसवून ठेवलं. तो गेला, पण गल्ली कुजबुजू लागली. शेजारच्या कमलाकाकूंना दादाचा संशय आला आणि मोठाईला कमलाकाकूंचा. दोघींचं बोलणं बंद झालं.

मग एक दिवस रेडिओवर बातमी आली. रॉकेट उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं. दादाचं यंत्र त्यातच होतं. तो घरी आला तेव्हा पार सुकला होता. कमलाकाकू नळावर बोलल्या, की चौकशी ज्याची झाली त्याचंच यंत्र पडलं, म्हणजे काही तरी असेलच. ते दादाच्या कानावर गेलं. परत जायचं नाही, छिंदवाड्याला शाळेत नोकरी बघतो, असं त्यानं मला सांगून टाकलं.

मोठाई दवाखान्यातून आली, पाय धुतले आणि त्याच्यापुढे बसली. आता उलटतपासणी होणार, असं मला वाटलं.

“तुह्या यंत्रात खोट होती काय?”

“नाही, आई. ते चालू व्हायच्या आधीच सगळं गेलं.”

“बरं.”

पुढच्या प्रश्नाची मी वाट बघत राहिले. तो आला नाही. ती उठली, हंडा घेऊन नळावर गेली आणि इतक्या महिन्यांनी कमलाकाकूंशी बोलली. “माह्या पोराचं यंत्र चांगलं होतं,” ती म्हणाली. “तो म्हनते, म्हून होतं.” काकू खाली मान घालून हंडा भरत राहिल्या.

शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या गर्दीतून वाट काढत तिनं दादाला नागपूरच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून त्याची पिशवी आत सरकवत म्हणाली, “आता दुसरं बनव.”

त्यानं बनवलं. तेही समुद्रात गेलं. मोठाई तेव्हा आपल्याच दवाखान्यात खाटेवर होती, छाती भरली होती. दादा धावत आला. तिनं त्याला काहीही विचारलं नाही, त्याचा हात तेवढा धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, लवकरच बरं वाटेल. त्यांना मात्र तिनं विचारलं, “कशावरून?” त्याच आठवड्यात ती गेली.

तिसरं यंत्र नव्वदनंतर वर पोचलं आणि चाललं. दादानं ते आम्हाला कितीतरी महिन्यांनी, पांढुर्ण्याला आला तेव्हा सांगितलं. बाबा चिडले. एवढी मोठी गोष्ट, लगेच नको का कळवायला?

दादा खाली बघत म्हणाला, “भडका तं कधीचाच दिसला होता, काका. पन आईचा पोरगा आहो मी. मले लगेच खरं कसं वाटन?”