फेटा मी रागाने काढलेला नाही

नातीच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, मी डोक्यावरचा फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, ही गोष्ट खरी आहे. त्यामागच्या कारणाविषयी आमच्या नातेवाइकांत जे जे सांगितले जाते, ते मात्र सगळे चूक आहे. माझा मुलगा सांगतो की मला उकडत होते. माझी धाकटी बहीण सांगते की वराकडच्यांनी आम्हाला चहा उशिरा दिला म्हणून मी रुसलो होतो. ही बहीण त्या वेळी मांडवात नव्हतीच. ती जेवणाच्या बाजूला जागा धरून बसली होती. तेव्हा जो माणूस तेथे होता, आणि ज्याच्या डोक्यावर तो फेटा होता, त्यानेच एकदा नीट हकिकत सांगावी हे बरे.

माझी नजर उत्तम आहे, हे प्रथम नोंदवतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात माझी नोकरी झाली. समोरच्या भिंतीवरच्या मीटरचा काटा किंचित हलला तरी मला टेबलाशी बसून दिसत असे, आणि लांबचे मला आजही तसेच दिसते. अडचण फक्त जवळच्या अक्षरांची आहे, आणि ती माझ्या वयाच्या प्रत्येकाला असते. काही जण कबूल करत नाहीत, इतकेच.

आमच्या घराण्यात लग्नाची मंगलाष्टके मी रचतो. भटजी आपली म्हणतात, मग मी माझी वाचतो. त्यात दोन्ही घरची माणसे, गावे, कुलदैवते गुंफलेली असतात, आणि वृत्त शार्दूलविक्रीडित, त्यात तडजोड नाही. लोक मला विचारतात, ‘रचता तर पाठ का करत नाही?’ पाठ म्हणणे वेगळे आणि रचणे वेगळे. रचणारा माणूस शेवटच्या घटकेपर्यंत शब्द बदलत असतो. त्याने कागदच हातात धरावा.

आता फेट्याकडे येतो. पुतण्याच्या लग्नात माझ्या डोक्यावर फेटा होता आणि डोळ्यांवर नेहमीचा वाचायचा चष्मा. फेटेवाला चांगला असेल तर फेटा कानांवरून घट्ट जातो. चष्म्याच्या काड्या आत जाईनात, म्हणून मी त्या जोर करून खुपसल्या. दुसऱ्या अष्टकाला फेटा मागून सुटू लागला आणि तिसऱ्याला त्याचा पाठीवरचा शेमला माझ्या तोंडावर आला. लोक हसले. मी अष्टक पूर्ण केले, हे कोणी सांगत नाही.

म्हणून नातीचे लग्न ठरताच मी विचारपूर्वक खरेदी केली. मोबाइलवर एका कंपनीची जाहिरात आली होती: काड्याच नसलेला, नाकाला चिमटा घेऊन बसणारा, नाण्याइतक्या जाडीच्या डबीत मावणारा चष्मा. डबी मोबाइलच्या पाठीला चिकटते. मी तो मागवला, फेटा बांधल्यासारखा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि आरशासमोर उभे राहून पूर्ण वर्तमानपत्र वाचले. नात तेव्हा शेजारीच होती.

“आबा, माझी अष्टकं तुम्हीच म्हणायची,” ती म्हणाली. “तिकडच्यांनी गाणारा सांगितलाय. तो सिनेमाच्या चालीवर म्हणतो. त्याच्याकडे तयारच असतात, फक्त मुलीचं नाव बदलतो.”

“तुझं लग्न आहे की गाडीची नंबर प्लेट?” मी म्हणालो. “मी म्हणणार. शब्द दिला.”

पुढे, लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना, चष्म्याचा नाकावरचा चिमटा मोडला. सून सांगते की मी मोबाइल मागच्या खिशात ठेवून रिक्षात बसलो. मी मागच्या खिशात काहीही ठेवत नाही. पंचवटीच्या गर्दीत जन्मभर भाजी घेतलेल्या माणसाला ती सवय नसते. चिमटा आपला आपण मोडला, डबीतून काढताना, माझ्या डोळ्यांदेखत. आणि त्याला वॉरंटी होती.

कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवण्यात आली. अधूनमधून एक आवाज सांगत होता की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. शेवटी एक मुलगी बोलली. आवाज गोड होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

“सर, तुमची गैरसोय मी समजू शकते.”

“फार छान. मग दुसरा पाठवा.”

“नक्की सर. चष्म्याच्या नाकाकडच्या आतल्या बाजूला एक नंबर छापलेला आहे. तो वाचून सांगाल का?”

मी पाहिले. तेथे मुंगीच्या पायाइतके काहीतरी होते.

“बाई, हे वाचण्यासाठी चष्मा लागतो.”

“हो सर. तो घालून वाचा ना.”

“तोच तर मोडलाय!”

“नंबर दिल्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?”

येथे मी आवाज चढवला असे सून म्हणते. मी फक्त स्पष्ट बोललो. माझा नेहमीचा चष्मा देवघरात होता आणि तो आणायला मी निघालोही होतो, तेवढ्यात सुनेने माझ्या हातातून फोन आणि चष्मा दोन्ही घेतले आणि नंबर वाचून दिला. वर मला म्हणाली, “आबा, मेन रोडला अर्ध्या तासात दुसरा मिळेल. कशाला डोकं लावता?”

“काड्यांचा मिळेल. बिनकाड्यांचा मिळेल का?”

“मग अष्टकं मोठ्या अक्षरांत छापून घ्या.”

“मला दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत छापली तर तो कागद अंतरपाटाएवढा होईल. भटजी त्यालाच धरतील.”

ती हसत स्वयंपाकघरात गेली. मेन रोडला मी गेलो नाही असा जो प्रवाद आहे, तोही चुकीचा आहे. मी गेलो होतो. तीन दुकानदारांनी नाकावरचा चष्मा माझ्याच हातात पहिल्यांदा पाहिला. एकाने तो फेविक्विकने चिकटवूनही दिला. घरी येऊन नाकावर लावला आणि शिंकलो; चिमट्याचे दोन तुकडे होते, त्यांचे तीन झाले.

मग लग्नाच्या आदल्या दिवशी कंपनीचे पार्सल आले. सगळे घर भोवती जमले. मी उघडले. आत सुरेख, घडीचा, नवा कोरा चष्मा होता, आणि त्याला काड्या होत्या.

पुन्हा फोन केला. पुन्हा बासरी झाली. या वेळी एक मुलगा होता, आणि तो अभिमानाने म्हणाला, “सर, तुम्हाला अपग्रेड मिळालंय. जुनं मॉडेल बंद झालं. हा काड्यांचा आहे, पडत नाही.”

“पण मला काड्या नको आहेत. मी फेटा बांधणार आहे.”

“फेटा म्हणजे, सर?”

मी हिंदीत पगडी म्हणालो, इंग्रजीत टर्बन म्हणालो, हातवारेही केले. फोनवर ते दिसत नाहीत हे मला माहीत आहे, सुनेने सांगायची गरज नव्हती. त्याने बहुधा कोणाला तरी विचारून उत्तर दिले.

“सॉरी सर, टर्बन आमच्या वॉरंटीत येत नाही.”

आणि लगेच मोबाइलवर निरोप आला की माझ्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया तारे द्यावेत. मी एक दिला. एकाहून कमी देता येत नव्हता.

लग्न गावाबाहेरच्या लॉनवर होते. वराचे आजोबा म्हणजे मालेगावचे जुने कापडाचे व्यापारी, दिसायला भारदस्त आणि स्वभावाने मानी. मानी माणसे मला आवडतात. सकाळी त्यांनी आपला खास फेटेवाला बोलावून, स्वतः समोर उभे राहून, मला फेटा बांधवला. “व्याहीबुवा, हा आमच्या घरचा मान,” असे म्हणाले. तो इतका घट्ट होता की मला अर्धेच ऐकू येत होते. मी नवा चष्मा कोपऱ्यात जाऊन लावून पाहिला. काड्या आत जाईनात. फेट्यावरून लावला तर भिंगे कपाळावर गेली. वेळ आल्यावर हाताने धरून वाचू, असे मी ठरवले.

वेळ आली. भटजींचे अष्टक झाले, अक्षता पडल्या, माझ्या हातात माइक आला. दुसऱ्या हातात कागद होता. चष्मा धरायला तिसरा हात नव्हता. ‘माइक कोणीतरी धरला असता’ असे आता सगळे म्हणतात. धरायला एकच जण पुढे आला होता, तो गाणारा, आणि तो माझ्या कानाशी कुजबुजत होता, “काका, राहू द्या. मी घेतो. माझ्याकडे रेडी आहे.”

त्याच्या हातात माइक गेला असता तर परत आला नसता. नात अंतरपाटामागे हार घेऊन उभी होती. मी तिला शब्द दिला होता. मी माइक काखेत धरला, कागद दातांत धरला, दोन्ही हातांनी फेटा जसाच्या तसा उचलला, खुर्चीवर ठेवला आणि चष्मा लावला.

सनई थांबली. का थांबली ते वाजवणाऱ्यांना ठाऊक. पलीकडून वराचे आजोबा लगबगीने आले. एरवी आमच्याशी ते शुद्ध मराठी बोलत. घाबरल्यावर अहिराणीत आले.

“काय व्हयनं? आमनं काही चुकनं का?”

“काही नाही. चष्मा बसत नव्हता,” मी म्हणालो, आणि माइक काखेत चालूच असल्यामुळे ते सबंध लॉनने ऐकले.

“चष्म्यासाठी कोणी मानाचा फेटा काढतं का, व्याहीबुवा? खरं सांगा.”

खरे सांगितले होते. त्याहून खरे माझ्याकडे नव्हते. तेवढ्यात अंतरपाटामागून आवाज आला, “आबा, म्हणा ना लवकर. हार धरून हात भरून आले माझे!”

मी वाचले. सगळी अष्टके वाचली, एक अक्षर न चुकता. गिरणाकाठच्या त्यांच्या घराची, दारातून कोणी उपाशी न जाण्याची स्तुती त्यात होती. पण वराचे आजोबा ती हाताची घडी घालून ऐकत होते. फोटोसाठी फेटा मी पुन्हा चढवला, तरी ते माझ्या शेजारी एक हात अंतर ठेवून उभे राहिले.

खरा त्रास पुढे झाला. चार-सहा दिवसांनी नातीचा मालेगावहून फोन आला. वराच्या आजोबांना ती मोठे बाबा म्हणते. “आबा, इथे मोठे बाबा रोज जेवताना विचारतात, तुझे आजोबा कशावरून रागावले? मी सांगते चष्मा, तर म्हणतात, पोरगी आजोबांना सांभाळून घेते.” लग्नाचा व्हिडिओही त्यांच्याच बाजूने साक्ष देत होता. त्यात मी फेटा ठेवतो आणि कपाळाला आठ्या घालून पाहतो. जवळचे न दिसणारा माणूस डोळे बारीक करतो. त्याला लोक संताप म्हणतात. माझ्याबद्दल कोणी काही म्हणो. पण एका मुलीने नव्या घरात रोजच्या पानावर आजोबांची बाजू मांडत बसावे, हे मला मान्य नव्हते.

मी एस.टी.ने मालेगावला गेलो. पिशवीत पेढे, काड्यांचा चष्मा आणि त्यांनीच दिलेला फेटा. दिवाणखान्यात सगळे जमले. पाणी घेतले आणि म्हणालो, “व्याही, फेटा बांधून घ्या.”

“आत्ता? कशाला?”

“बांधा तर.”

त्यांना नकार देता येईना. त्यांच्या मुलाने बांधला, घट्ट, कानांवरून. मी चष्मा त्यांच्या हातात दिला आणि समोर वर्तमानपत्र धरले. “आता हा लावा आणि वाचा.”

त्यांनी एक काडी खुपसली. दुसरी बाहेर राहिली. दुसरी खुपसली, पहिली निघाली. वरून लावला, तो कपाळावर चढला. घरातल्या बायका पदर तोंडाला लावू लागल्या. त्यांनी पेपर लांब धरला, जवळ धरला, मान मागे केली, डोळे बारीक केले.

“मोठे बाबा, रागावलात का?” नात म्हणाली.

“रागावतो कशाला? दिसत नाही मला!” ते ओरडले, आणि स्वतःचेच वाक्य ऐकून थांबले. मग इतके हसले की फेटा त्यांनीच उतरवून मांडीवर घेतला.

जेवताना त्यांनी नातीला पहिली पुरणपोळी स्वतः वाढली आणि मला विचारले, “तो नाकावरचा चष्मा कुठल्या कंपनीचा? धाकट्या नातवाचं लग्न आहे. मलाही काही वाचायचंय.”

“घेऊ नका. त्यांची ग्राहकसेवा म्हणजे नुसती बासरी आहे. त्यापेक्षा फेटा जरा सैल बांधा.”

त्यांचा घास हातातच राहिला. “सैल? आमच्याकडे? व्याहीबुवा, फेटा सैल नाशकात बांधत असतील.”

“नाशकात?” मी म्हणालो, आणि ताट जरा बाजूला सरकवले. “नाशकात फेटा कसा बांधतात, ते मी सांगतो तुम्हाला.”

नात म्हणते की आम्ही संध्याकाळपर्यंत भांडत होतो. तसे नाही. ते भांडत होते. मी समजावून सांगत होतो.